माझा आवाज बंद नव्हता

मित्रांनो, मी जुईनगरच्या एका सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर राहणारा जुना लॅपटॉप आहे. माझ्या पडद्याच्या कोपऱ्यात भेग आहे. काही बटणांवरची अक्षरं बोटांनी झिजून पार पुसली गेली आहेत. पण त्याचं मला वाईट वाटत नाही, कारण मला वापरणारीला ती भेगही दिसत नाही आणि ती अक्षरंही दिसत नाहीत. तिचं नाव संघमित्रा. हे आत्मवृत्त माझं असलं तरी दुःख तिचं आहे.

माझा जन्म कुठल्याशा परदेशी कारखान्यात झाला. खोक्यात बंद होऊन मी समुद्रावरून न्हावा शेवा बंदरात उतरलो आणि तिथेच, बंदराच्या रस्त्यावरच्या एका कस्टम एजंटच्या कचेरीत कामाला लागलो. कंटेनरचे कागद तयार करणं हे तिथलं काम. संघमित्रा तिथे क्लार्क होती. तिची बोटं इतकी झरझर चालत की मॅनेजर हौसेराव नव्या पोरांना तिच्या मागे उभं करून सांगत, “हिच्यासारखं करा.” ते शब्द ऐकून मलाही अभिमान वाटे.

पुढे तिची नजर चहूबाजूंनी आवळत गेली. आधी संध्याकाळी दिसेनासं झालं, मग बाजूचं, आणि शेवटी समोरचंही पुसट झालं. डॉक्टरांनी सांगितलं की हा डोळ्यांच्या आतल्या पडद्याचा आजार आहे, यावर इलाज नाही. एकदा तिच्या हातून कंटेनरचा एक आकडा चुकला आणि तो कंटेनर चार दिवस यार्डात अडकून पडला. त्यानंतर कचेरीने तिला विश्रांती घ्यायला सांगितलं. निरोपाच्या दिवशी तिला एक शाल, एक पुष्पगुच्छ आणि मी, असे तिघे देण्यात आले. कचेरीला तोवर नवे लॅपटॉप मिळाले होते.

पुढचं वर्षभर मी कपाटात पांघरुणांखाली पडून होतो. मला तिथून बाहेर काढलं ते अय्युब सरांनी. सर उरणजवळच्या मोरा गावचे. ते स्वतः जन्मांध आहेत आणि अंध माणसांना संगणक शिकवतात. त्यांनी माझ्यातली जुनी, जड झालेली प्रणाली काढून लिनक्स टाकलं. ते फुकट मिळतं आणि माझ्यासारख्या म्हाताऱ्यालाही पेलतं. मग त्यांनी पडद्यावरचं वाचून दाखवणारी सोय चालू केली, सगळ्या पाट्या मराठीत केल्या, आणि मित्रांनो, मी बोलायला लागलो! आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा, जोडाक्षराला अडखळणारा. तो ऐकून संघमित्रा हसली. वर्षभरात ती पहिल्यांदाच हसत होती, असं तिची भावजय प्रियदर्शिनी म्हणाली.

हळूहळू तिने माझा वेग वाढवला. मी इतका भराभर बोलू लागलो की घरात दुसऱ्या कुणाला एक शब्द कळेना. धाकटा भाऊ निशांत म्हणायचा, “ताई, ती कटकट जरा हळू कर ना.” तिला मात्र ते सगळं समजत होतं. दोन वर्षांत ती पुन्हा पत्रं लिहू लागली, तक्ते भरू लागली. मग धीर करून तिने हौसेरावांना लिहिलं की मी आता घरून काम करू शकते.

हौसेरावांनी फोन केला. घरून कागद तयार करण्याच्या कामाची एक जागा निघाली होती. ते म्हणाले, सोमवारी दहाला मेलवर कस्टमची तीस कोरी बिलं येतील, मंगळवारी संध्याकाळी पाचच्या आत भरून पाठव. परीक्षा म्हणून आणखी एका मुलीलाही तीच बिलं देणार होते. फोन ठेवल्यावर संघमित्राने माझं झाकण रुमालाने पुसलं.

सोमवारच्या आधीचा रविवार होता. निशांतला मॅच मोठ्या टीव्हीवर बघायची होती. त्याने मला उचलून हॉलमध्ये नेलं आणि वायरने टीव्हीला जोडलं. चित्र आलं, आवाज येईना. त्याने माझ्या सेटिंगमध्ये शिरून आवाज टीव्हीकडे वळवला. मॅच संपली, वायर निघाली, मी टेबलावर परत आलो. आवाज मात्र त्याने परत वळवला नाही. मित्रांनो, यंत्राचा स्वभाव असा असतो की सांगितलेलं ते विसरत नाही. बंद करून पुन्हा चालू केलं तरी मी तेच धरून बसतो.

सोमवारी सकाळी संघमित्राने मला चालू केलं. मी नेहमीप्रमाणे बोललो, पण माझं बोलणं टीव्हीची वायर लावायच्या रिकाम्या छिद्राकडे जात होतं. तिने आवाज वाढवायचं बटण दाबलं. हेडफोन लावून पाहिला. मला बंद करून चालू केलं. काही उपयोग झाला नाही. निशांत दारात बूट घालत होता. तिने त्याला विचारलं, “काल आवाजाच्या सेटिंगला हात लावला होतास का?”

“नाय गं,” तो मान वर न करता म्हणाला. “मॅच तर बघितली फक्त. चालू हाय की, दिसत नाय का तुला?”

बोलून गेल्यावर त्याचं त्यालाच कळलं असावं. तो घाईने जिना उतरला. प्रियदर्शिनीने निघता निघता माझ्या पडद्यावर एक नजर टाकली आणि म्हणाली, ताई, आवाज तर फुल्ल दाखवतोय. ते खरं होतं. आवाज भरपूरच होता. तो कुठे जातोय, हे वाचायला तिला आणखी एक मिनिट लागलं असतं, पण तिची बस चुकली असती.

संघमित्राचा फोन साधा, बटणांचा. त्यावरून तिने अय्युब सरांना गाठलं. सरांनी आवाजाची यंत्रणा नव्याने सुरू करण्याची आज्ञा सांगितली. तिने ती न ऐकता, न बघता टाइप केली. ती नीट उमटली की नाही, हे तिला कळायला मार्ग नव्हता. मी ती पाळली, पण आवाज टीव्हीकडेच राहिला. सर म्हणाले, “मॅडम, पडद्यावर काय लिहिलंय ते कुणी वाचलं तर दोन मिनिटांचं काम आहे. मी आलो असतो, पण माझ्या येण्याने एका डोळ्याचीही भर पडणार नाही.”

त्याच वेळी दुर्गाबाई भांडी घासायला आल्या होत्या. ओल्या हातांनीच दारात उभ्या राहून त्यांनी विचारलं, “काय झाला, ताई?”

“तुम्हाला नाही कळायचं, दुर्गाबाई,” संघमित्रा म्हणाली.

दुर्गाबाई परत मोरीकडे गेल्या.

दुपारी मला पिशवीत घालून, पांढरी काठी टेकत संघमित्रा स्टेशनजवळच्या एका दुरुस्तीच्या दुकानात गेली. दुकानदाराने गाणं लावून पाहिलं आणि बोर्ड गेलाय, नवा घ्या, असं सांगितलं. तिने विनंती केली की सेटिंग उघडून फक्त काय लिहिलंय ते वाचा. त्यावर तो म्हणाला की ही सिस्टिम मला येत नाही, सगळं पुसून दुसरी टाकून देतो, मग बघू. पुसलं म्हणजे माझा आवाजच गेला, आणि दोन वर्षांची पत्रंही. तिने मला पुन्हा पिशवीत घातलं. त्या रात्री निशांत उशिरा आला. उद्या बघतो म्हणाला. प्रियदर्शिनीनेही ते त्याच्यावरच सोडलं. मंगळवारी दिवसभरात तिने सोसायटीतल्या दोघांना विचारलं. दोघांनीही संध्याकाळी येतो म्हणून सांगितलं. तिने हौसेरावांना फोन करून एक दिवस मागितला. ते म्हणाले, बघतो. घड्याळाचे पाच टोले तिने माझ्यासमोर बसून ऐकले. तीस बिलं माझ्या पोटात न उघडता पडली होती.

बुधवारी दुर्गाबाई काम आटपून तिच्याजवळ आल्या. म्हणाल्या, “मना वाचाला येतं, ताई. चौथी झाली हाय माझी. हिकडं तर मराठीतच लिवलंय.”

संघमित्राने सरांना फोन लावला आणि खुर्ची सरकवून दुर्गाबाईंना जागा दिली. सर सांगत गेले, संघमित्रा बटणं दाबत गेली, आणि दुर्गाबाई एकेका अक्षरावर बोट ठेवून वाचत गेल्या. “ध्व... नी. खाली इंग्रजी कायतरी लिवलंय, न बाजूला टीवीचा चित्र हाय.”

“टीव्ही?” सर म्हणाले. “हे कुणीतरी हाताने निवडलंय. एक खाली घ्या.”

“स्पी... कर,” दुर्गाबाईंनी वाचलं. संघमित्राने बटण दाबलं.

मी बोललो. तीन दिवस कोंडलेला असल्यासारखा बोललो. मात्र त्या वेळी वाचायला माझ्यासमोर काय होतं, मित्रांनो? कचेरीचं सकाळीच आलेलं पत्र. मंगळवारी पाचच्या आत कागद मिळाले नाहीत, जागा दुसऱ्या उमेदवाराला दिली आहे, पुढील वाटचालीस शुभेच्छा. ते तिला सांगायचं काम माझ्याच पत्र्याच्या आवाजाला करावं लागलं.

संघमित्रा दुर्गाबाईंना म्हणाली, “सोमवारीच तुम्हाला विचारायला हवं होतं.”

“मीच बोलाला पायजे होता,” दुर्गाबाई म्हणाल्या आणि पदराला हात पुसत निघून गेल्या.

संध्याकाळी निशांतने माझा आवाज ऐकला. म्हणाला, झालं ना चालू? उगाच टेन्शन घेत होतीस. रविवारी तो वायर घेऊन पुन्हा आला, फायनल होती. तिने मला त्याच्याकडे सरकवलं आणि म्हणाली, “ने. पण आधी हे एक पत्र वाचून दाखव मला.”

त्याने वाचलं. पहिली ओळ भरभर, दुसरी हळू. मंगळवारच्या तारखेशी तो थांबला. मग त्याने सेटिंग उघडून पाहिली, आवाज कुठे वळवला होता ते बहुधा त्याला आठवलं. वायर गुंडाळून तो हॉलमध्ये गेला. मला त्याने नेलं नाही. ‘चुकलं’ असंही तो म्हणाला नाही.

मित्रांनो, मला पुसून स्वच्छ ठेवा, उन्हात ठेवू नका, असं मी सांगणार नाही, ते तुम्हाला शाळेत शिकवतातच. माझं मागणं एवढंच आहे. दुसऱ्याची वस्तू घ्याल तेव्हा ती जशी होती तशी परत ठेवा. आणि कुणी ‘एवढं वाचून दाखव’ म्हणालं तर उभ्याने नजर टाकून निघू नका. शेजारी बसा, आणि शेवटच्या ओळीपर्यंत वाचा.