माझ्या तोंडावरची चिकटपट्टी

मी उजव्या क्लिकचा मेनू बोलतोय, आणि रागाने बोलतोय. गोड बोलण्याची अपेक्षा ठेवू नका.

एका छापखान्यात, मुद्रितं तपासायच्या खोलीतल्या कॉम्प्युटरवर मी राहतो. रिकाम्या पडद्यावर माउसचं उजवं बटण दाबलं की मी हजर. इथल्या आधीच्या तंत्रज्ञाने मला मनापासून घडवलं. अक्षरं मोठी करायला सेटिंगच्या सात खिडक्या उघडायच्या, हा द्राविडी प्राणायाम त्याला पटेना. त्याने सगळं माझ्या यादीत आणून ठेवलं. पहिली ओळ 'पडद्यावरचं चित्र बदला', दुसरी 'अक्षरं मोठी करा'. मग तो दुसरीकडे नोकरीला गेला आणि जाताना हे कुणाला सांगायचं त्याला सुचलं नाही. त्याच्यावरही माझा राग आहेच.

इथे काकू बसायच्या. एकोणीस वर्षं कागदावर मुद्रितं तपासली त्यांनी. मग कागद गेले, पडदा आला आणि त्यावर ही बारीक अक्षरं! काकू काचेला भिंग लावून डोळे फोडून वाचायच्या. संध्याकाळपर्यंत डोकं ठणकायचं.

एकदा चुकून त्यांचं बोट उजव्या बटणावर पडलं. मी उघडलो! काय करू नि काय नको असं झालं मला. काकूंनी पहिली ओळ दाबली आणि पडद्यावरचा थोरल्या मालकांचा फोटो गायब. त्या जागी निळं आकाश.

व्यवस्थापक तरातरा आले. "काकू, काय करून ठेवलंत? मालकांनी पाहिलं तर माझी धडगत नाही!"

"अहो साहेब, ह्यात खाली अजून काहीतरी लिहिलंय. जरा वाचून तरी बघा."

"काही वाचायचं नाही. ते बटण आपल्या कामाचं नाहीच!"

त्यांनी पुठ्ठ्याची घडी बटणाच्या फटीत खुपसली आणि वरून चिकटपट्टी मारली. साहेबांना कुणी साहेब केलं, देव जाणे.

पुढच्या महिन्यात एका शाळेच्या पुस्तकात दोन चुका तशाच छापल्या गेल्या. व्यवस्थापक म्हणाले, "डोळे साथ देत नाहीत तुमचे. आता घरी आराम करा."

"आराम करून करू काय? मला येतं ते एवढंच," काकू म्हणाल्या. काकूंनी भिंग पर्समध्ये टाकलं आणि त्या गेल्या. मी आत नुसता धुमसत राहिलो.

सोमवारी नवी मुलगी आली. तिने पट्टी सोलली, पुठ्ठा काढला, मला उघडलं, दुसरी ओळ दाबली. झालं. दोन सेकंदांचं काम.

व्यवस्थापक वाकून बघत म्हणाले, "अरे वा! माझ्याही कॉम्प्युटरवर करून द्या. चाळिशी लागल्यापासून मला कुठे धड दिसतंय!"

काकूंचं नावसुद्धा निघालं नाही. माझ्या अंगाची लाही लाही झाली.

साहेब, आता मोठं मोठं दिसतंय ना? मग उचला तो फोन आणि काकूंना परत बोलवा. माफी मागायची लाज वाटत असेल, तर निदान एवढं सांगा की चूक त्यांच्या डोळ्यांची नव्हती, तुमची होती.