मुठीतली ऊब

मी एक चिंचोका बोलतोय. जन्मलो चिंचेच्या पोटात, पण कुडवा गावच्या देवकाबाईंनी मला दगडावर घासून घासून एका अंगानं पांढरं केलं आणि तीन भावांसोबत अष्टचंगाच्या खेळात घातलं. आम्हाला उडवायचं, पांढरी अंगं मोजायची, तेवढी घरं सोंगटी पुढे न्यायची; एकही पांढरं पडलं नाही, तर अष्टा, म्हणजे आठ घरं. वाटेत दुसऱ्याची सोंगटी सापडली तर मारायची.

देवकाबाईंची नात रिंकी तिसरीत आहे. अभ्यासाला बसली तरी मी तिच्या मुठीतच. तिची आई रेणू विचारायची, "बारातून सात गेले, किती उरले?" रिंकीला जांभया यायच्या. मूठ सैल, गार. मी घरंगळून पडलो तरी तिला पत्ता नसायचा.

रेणूची स्वतःची शाळा सातवीत सुटलेली. आपलंच डोस्कं पोरीत उतरलं की काय, हाच घोर तिला खायचा.

आणि संध्याकाळी आजीसोबत खेळायला ओसरीवर खडूनं पट आखला, की तीच मूठ तापायची. मला तिचा घाम लागायचा. जांभई कुठल्या कुठे!

एके संध्याकाळी रेणूनं हे पाहिलं. तिला वाटलं, पोरीचं सारं डोस्कं खेळातच सरून जातं, मग पुस्तकाला काय उरणार? तिनं आम्हा चौघांना उचललं आणि थेट अंगणात, पाणी तापवायच्या चुलीजवळ गेली. मला झळ लागू लागली.

"माय, थांब! माहा डाव आहे!"

"बारातून सात काढता येत नाही, न डाव खेळून राहिली!"

रिंकी रडतच बोलली, "हे सोंगटी पुढं नेली, तर आजीले तीन पडले की मेली. दोन पडले तरी आजीची मागची सोंगटी येऊन मारते. इथंच ठेवली तर आजीले अष्टाच लागते. म्हणून मी दुसरी चालवून राहिली होती!"

रेणूचा हात तिथंच थांबला. "मंग पुस्तकात काऊन नाही चालत हे डोस्कं?"

"पुस्तकात माही सोंगटी मरत नाही ना!"

देवकाबाईंना हसू आवरेना. "ऐकलं का वं? सातवी शिकली तू, न इतकं नाही समजलं!"

मी तर थक्कच झालो. एवढंसं कपाळ, आणि आत कोणीतरी तराजू धरून बसलेलं! कष्ट एका पारड्यात, मिळणार काय ते दुसऱ्यात. पारडं झुकलं नाही तर झोप. झुकलं, तर त्याच डोक्यात केवढा उजेड!

रेणू परत आली, पटापाशी बसली. "माही सोंगटी कोणती?"

रिंकीनं बांगडीचा हिरवा तुकडा तिच्यापुढे सरकवला. "पण मारीन हं मी!"

"मार ना." सोंगटी थोडी पुढे आली, तशी तिनं विचारलं, "फुलीच्या घरात जाऊन वाचायले मले किती घरं उरले?"

रिंकीनं घरं मोजली. "बारा घरं तुले जायचे, सात झाले... पाच! पाच उरले!" आपण काय बोललो, हे तिला कळलंही नाही. रेणूला कळलं.

बाबांनो, लेकराला मंद म्हणण्याआधी एकदा त्याची मूठ हातात घेऊन पाहा. एवढंच माझं मागणं.

अजून मी चुलीबाहेर आहे. आता रोज दोन मुठींत फिरतो. आणि खरं सांगू? डाव अडला की रेणूची मूठही तापते.