बिर्बाचा पंजा

चुलीवर मक्याचा घाटा करपत होता आणि चेलेस्तीनोकाका त्याच चुलीपाशी बसून बुटाची माती खरवडत होते. देल्फीनाकाकू परसातून धावत आली.

"आवं, तळाला लागला की. मला डुकरांच्या खोपटात वास आला, आन् तुमी हितं बसून? नाक कुठं गहाण टाकलंय?"

काका दचकून पातेल्याकडं वळले. त्यांची तांबूस कुत्री बिर्बा मघापासून पातेल्याकडं तोंड करून कुंईकुंई करत होती.

काकूनं आवाज खाली आणला. "कवापास्नं?"

"फेब्रुवारीतल्या तापापास्नं. काईच येत न्हाई. ना शेणाचा, ना दारूचा."

"आन् जत्रा आठ दिसांवर."

"कुणापाशी बोलू नगंस."

आमच्या टेकड्यांत ओकच्या मुळांशी, चिकट पांढऱ्या मातीत एक अळंबी वाढते. बाहेरचे तिला ट्रफल म्हणतात. धुक्याच्या दिवसांत माणसं कुत्री घेऊन ती हुडकतात. आपल्या जागा बाप मुलालाही सांगत नाही. पण जत्रेत सगळ्यांचा माल एकाच टेबलावर येतो आणि त्याची पारख वासावर होते. वीस वर्षं ती काकांच्या नाकानं झाली. काकांनी मान हलवली की शहरातले हॉटेलवाले डोळे मिटून माल उचलायचे. काकांना मूलबाळ नाही, द्राक्षाचा मळा नाही. गावात त्यांची पत होती ती या नाकाची.

जत्रेला मी नेहमीप्रमाणे खडू घेऊन निकालाच्या पाटीपाशी उभा होतो. काका भिंतीला पाठ लावून मधल्या खुर्चीत. डावीकडं औषधाच्या दुकानाची बाई, उजवीकडं खानावळीचा आचारी. बिर्बा टेबलाखाली, पांढऱ्या कापडाच्या आड.

"कुत्री कशाला आणलीत?" आचाऱ्यानं विचारलं.

"घरी एकली रडती."

काका ताट नाकापाशी धरायचे, मग नीट बघतो म्हणून मांडीवर उतरवायचे. बिर्बानं बुटावर पंजा मारला की त्यांची मान हलायची. हे मला मागाहून कळलं. तेव्हा मी नऊ नावं मुकाट लिहिली.

दहावं ताट सेकोंदोचं, काकूच्या धाकट्या भावाचं. अळंबी मुठीएवढी. वास असा की मला पाटीपाशी आला. औषधवाल्या बाईनं डोळेच मिटले.

काकांनी ताट मांडीवर उतरवलं. पंजा आला नाही. टेबलाखाली शिंक आली. ताट वर गेलं, परत खाली आलं. परत शिंक.

सेकोंदो टेबलावर ओणवला. "दाजी, वासानं झिंगलासा का काय?" मग कानाशी, "ताई परवा माझ्याफुडं रडली. तुमच्या नाकाचं समदं सांगून बसली. तवा मान हलवा आन् मोकळं व्हा."

मागं भिंत, दोन्ही हातांना परीक्षक, समोर मेहुणा. काकांचा अंगठा ताटाच्या तेलकट काठावरून दोनदा फिरला. मग ते उठले.

"ह्यो माल बाटलीतल्या वासाच्या तेलानं चोळलाय. आन् माझं नाक मेलंय. नऊ म्हैने झालं."

"मग मघाची नऊ ताटं?" आचारी म्हणाला.

काकांनी कापड वर केलं. "हिनं पारखली."

मंडप हसून लोळला. सगळ्यांत मोठ्यानं सेकोंदो. "दाजीचं नाक चार पायांचं, आन् खोटा मी?"

औषधवाली बाई हसली नाही. तिनं कोमट पाणी मागवलं आणि अळंबी चोळून धुतली. पाण्यावर तेलाचं गोल चांदणं तरंगलं. आचाऱ्यानं ओली अळंबी हुंगली. "उकडलेला बटाटा बरा," म्हणाला. सेकोंदोनं टोपी उचलली आणि तो माणसांतून वाट काढत गेला.

काका टेबलाआडून बाहेर यायला लागले. "आता मला सोडा."

गावप्रमुखानं त्यांच्या खांद्यावर हात ठेवून परत बसवलं. "कसं सोडू? कुत्री खोटं बोलत न्हाई. फुडल्या सालापास्नं परीक्षक बिर्बा. तुमी फकस्त साखळी धरायची."

"दुसरं कुनी धरा."

"ती दुसऱ्याचं ऐकती का?"

मी पाटीवर परीक्षक म्हणून लिहिलेलं काकांचं नाव पुसलं आणि बिर्बाचं लिहिलं.

मग पंचांनी आणखी एक ठरवलं. रानात हेव्यापोटी कुत्र्यांना विषाचे पाव टाकतात. गावाचं नाक असं उघड्यावर फिरू द्यायचं नाही. मोसम संपेपर्यंत बिर्बा घरात, आणि तिच्यापाशी काका. जाता-येता कुणी ना कुणी दाराची कडी लागलीय ना ते बघून जातं. बिर्बा कुंईकुंई करताच काका पातेलं उतरवतात; काकूच्या घरात आता घाटा करपत नाही.

ओढ्याकडून ओलं वारं आलं की बिर्बा दाराच्या फटीला नाक लावते.

"अळंबी पिकली का गं?" काका विचारतात.

ती मागं वळते आणि त्यांच्या बुटावर पंजा मारते.