भरती येईपर्यंत

मासे सुकवणाऱ्या सान न्यूनच्या राखाइन किनाऱ्यावरच्या वाडीला सरकारी होडी हवी होती. पाहणीला आलेले तुन श्वे साहेब भर ओहोटीत बूटही न भिजवता चालत पोहोचले.

"हे कसलं बेट? होडी फक्त बेटांना मिळते," ते म्हणाले.

"बरं साहेब. उन्हातून आलात, चहा तरी घ्या," सान न्यून म्हणाली.

चहा झाला, भात-मासे झाले, मग तिने नवऱ्याच्या घोरण्याचे किस्से रंगवून सांगितले. साहेब पोट धरून हसले. निघायला उठले, तर चहूकडे पाणीच पाणी.

"अहो, वाट कुठे गेली?"

"रोज दोनदा जाते. संध्याकाळी येईल परत," सान न्यून गालातल्या गालात हसली. "तोवर पाहणीचा कागद पुरा करा की!"

साहेबांनी कागद काढून 'बेट' लिहिलं आणि अजून थोडा भात मागितला.