कूलरला पाणी घालणारे भाऊ

"काका, हा गेला समजा," कूलरच्या पोटातून डोकं बाहेर काढत प्रवीण म्हणाला.

"हळू बोल." बाबुरावांनी त्याला दंडाला धरून गॅलरीत नेलं आणि दार ओढून घेतलं. डॉक्टर नातेवाइकांना बाजूला घेतात तसं. फक्त इथे नातेवाईकच डॉक्टरला घेऊन गेले होते.

"मोटर दोनदा भरून दिली. आता पत्राच सडला, स्क्रू धरत नाही. दुरुस्ती नव्याच्या अर्ध्यावर गेली की नवा घ्यायचा, सीधी वात छे. आणि सुरतच्या या चिकट हवेत कूलर कशाला? एसी घ्या."

"एवढा उन्हाळा काढून दे."

"मी मेकॅनिक आहे काका, महादेव नाही."

बाबुरावांची अडचण उकाड्याची नव्हतीच. दोन वर्षांपासून त्यांच्या बायकोच्या, धुरपदाबाईंच्या डोक्यातून एकेक गोष्ट निघून चालली होती. आधी गॅसवरचं दूध, मग गल्ली, मग मुलगा नितीन, शेवटी नवरा. नवरा मात्र त्यांनी अगदीच सोडला नाही, बदलून घेतला. त्यांच्या लेखी खिडकीतला तो पत्र्याचा कूलर म्हणजेच त्यांचा मालक. त्यात त्यांचं फार चुकत होतं असंही नाही. पांडेसऱ्याच्या कापड कारखान्यात लूमवर जन्म काढलेले बाबुराव घरी येऊन भिंतीला टेकायचे आणि बाई काहीही सांगोत, 'हं' म्हणायचे. कूलरही दिवसभर तेच म्हणायचा, वर थंड वाराही द्यायचा. तुलनेत कूलर उजवा होता.

खुद्द बाबुराव 'भाऊ' झाले होते. रोज बादली घेऊन येणारे, मालकाला पाणी पाजणारे भले गृहस्थ. बाई त्यांना चहा विचारत.

"लय गुनाचे हायेत आमचे," एकदा त्या हळूच म्हणाल्या. "कधी वाकडा शब्द नाइ."

बाबुरावांनी मान खाली घालून चहा प्याला.

बाई कूलरशी बोलत, तेव्हा ते बादली फार सावकाश ओतत. "नितीनच्या बाळंतपनाच्या वक्ताले मी लय भेली होती, तुमाले सांगतलं होतं ना?" कूलर म्हणायचा, हं. सांगितलं असणार. बाबुरावांना आठवत नव्हतं.

प्रवीण गेल्यावर ते उधन्याच्या कूलरच्या दुकानात गेले.

"आ लई जाव काका. जराय अवाज नथी," दुकानदार एका नव्या कूलरवर थाप मारत म्हणाला.

"आवाज करणारा द्या."

दुकानदाराने त्यांच्याकडे नीट बघून घेतलं. तसा त्याच्याकडे नव्हता. शेवटी बाबुरावांनी मुकाच घेतला.

रिक्षातून खोकं घेऊन ते घरी पोहोचले, तेव्हा खोलीत जळका वास होता आणि शेजारच्या शोभाबाईंनी बटण बंद केलं होतं. धुरपदाबाई कूलरच्या गार पत्र्यावर हात ठेवून बसल्या होत्या. प्रवीण पुन्हा आला, आत वाकला आणि वायर सोडवून त्याने भंगारवाल्याला फोन लावला.

भंगारवाला खाली थांबला होता. जिना अरुंद, म्हणून प्रवीणने कूलर मागून धरला आणि बाबुरावांनी पुढून खांद्यावर घेतला. स्वतःला खांदा द्यायची पाळी फार थोड्यांवर येते. मधल्या वळणावर टाकीत उरलेलं पाणी त्यांच्या पाठीवरून ओघळलं.

ते वर आले तर बाईंनी पदराने कुंकू पुसलं होतं. कपाळावर फिकट लाल डाग तेवढा राहिला होता. शोभाबाई दारात तोंडाला पदर लावून उभ्या होत्या.

"अहो, हे कुंकू..." बाबुराव म्हणाले आणि थांबले. 

"बसा भाऊ," बाई म्हणाल्या. "तुमी रोज येत होते. तुमाले ठाऊक असन. कसे होते हो ते?"

बाबुराव नव्या कूलरच्या खोक्यावर टेकले.

"बोलत नव्हते फार."

"नाइ," बाई म्हणाल्या. "पन आयकत होते. माहं सारं आयकत होते."

"हं," बाबुराव म्हणाले.

बाईंनी चटकन मान वळवली आणि खिडकीतल्या रिकाम्या लोखंडी स्टँडकडे पाहिलं.