पॉसमच्या मेंदूतले डाग

मित्रांनो, जपानमधल्या सेंदाईच्या विद्यापीठात खिडकीजवळ बसलेला एक जुना सूक्ष्मदर्शक आहे मी. नवा होतो तेव्हा विद्यार्थी मला हात धुऊन हात लावत. मग कॉम्प्युटर आले आणि लोक माझ्या अंगावर ओल्या छत्र्या टेकवू लागले.

२००६ साली आमच्या प्रयोगशाळेत वृंदा नावाची मुंबईची संशोधक होती. तिचा नवरा पुष्कर कावासाकीत सॉफ्टवेअर इंजिनिअर. शनिवारी शिन्कान्सेनने, म्हणजे बुलेट ट्रेनने यायचा. त्याने तिला एक प्रोग्राम लिहून दिला होता. पेशींचे फोटो घातले की रोग आहे की नाही, ते तो प्रोग्रामच सांगायचा.

त्या सुमारास ऑस्ट्रेलियातून तीन मेलेल्या पॉसमच्या मेंदूंचे काप आले. पॉसम म्हणजे मांजराएवढा, पोटाच्या पिशवीत पिल्लू वाढवणारा रानातला प्राणी. तिकडे ते झोकांड्या खात झाडांवरून पडत होते. त्यांना सांभाळणाऱ्या मार्गरेटबाईंनी लिहिलं होतं, 'आजाऱ्यांसोबत राहिलेले अकरा धडधाकट पॉसम माझ्याकडे आहेत. ही विषबाधा असेल तर उद्या त्यांना रानात सोडते. साथ असेल तर ते ती रानभर नेतील. आजच कळवा.'

प्रोग्राम म्हणाला, रोगाची खूण नाही.

"बघ, एकदम स्वच्छ!" पुष्कर खूश झाला. "कळवून टाक आणि चल जेवायला."

"तू 'स्वच्छ' म्हणालास की मला आपलं बाथरूम आठवतं," म्हणत वृंदाने माझ्यावरच्या छत्र्या उचलल्या.

"अगं, त्या खटाऱ्यात काय दिसणार?"

लागलं मला ते. पण वृंदाने माझ्या डोळ्याला डोळा लावला आणि एकेक काप सरकवून पाहिला. वसंतात फुललेल्या साकुराच्या झाडाभोवती चटया टाकून माणसं दाटीने बसतात ना, तशा रक्तवाहिनीभोवती पेशी दाटल्या होत्या. तिन्ही पॉसमांत तेच.

"पुष्कर, हे काळे पुंजके तुझ्या फोटोत का नाहीत?"

"ते काप रंगवताना पडलेले रंगाचे डाग ना? तूच वैतागायचीस त्यांच्यावर. म्हणून प्रोग्राम आधी डाग पुसतो, मग मोजतो."

"अरे, हे डाग नाहीत. हाच रोग आहे! विषाने अशी गर्दी जमत नाही. हा संसर्ग दिसतोय."

पुष्करचं तोंड एवढंसं झालं. "म्हणजे माझ्यामुळे..."

"पुसायला मीच सांगितलं होतं," ती त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली आणि तिने मार्गरेटबाईंना फोन लावला.

अकराही जण पिंजऱ्यातच राहिले, वेगवेगळे. महिन्याभरात त्यांतले चार झोकांड्या खात गेले. चौथा गेला त्या दिवशी वृंदा जेवली नाही. पण ते चौघे रानात सुटले असते तर तिथले आणखी किती दगावले असते, कोण जाणे.

मित्रांनो, माझी भिंगं पुसाल तेव्हा मऊ कापड घ्या, म्हाताऱ्या काचेला ओरखडे लवकर पडतात. आणि भिंगाखाली जे असेल, ते पुसण्याआधी एकदा नीट बघा. तिथे कुणीतरी आजारी असतं.