टांगानिकाच्या रानात गेलेली घोंगडी

मी एक जुनी घोंगडी आहे आणि जुनी झाले तरी अजून टोचते. हे आधीच सांगून टाकते, मित्रांनो, म्हणजे मागाहून कुरकुर नको. हल्लीच्या मुलांना मऊ सोलापुरी चादरी लागतात. लागोत बापड्या. पण त्या चादरींतल्या एकीनं तरी समुद्र पाहिला आहे का, ते विचारून या. मी पाहिला आहे. समुद्रापलीकडचं रानही पाहिलं आहे, आणि तेव्हापासून माझं मन कुठे धड लागत नाही.

माझा जन्म परभणी जिल्ह्यातल्या वालूरचा. पोलीस ॲक्शन होऊन निजामाचं राज्य गेलं, त्याच्या पुढच्या वर्षीचा. लोकर होती धोंडीबा धनगराच्या काळ्या मेंढ्यांची. ती त्याच्या बायकोनं, बानूबाईनं कातली आणि वालूरच्या सणगरानं विणली. विणून झाल्यावर त्यानं मला चिंचोक्याची खळ लावली आणि उन्हात ताणून वाळवलं. "चोख माल हाय धोंडीबा, तुला पुरून उरंल," असं तो म्हणाला होता. कौतुक कुणाला नको असतं? ते वाक्य मी अजून विसरलेले नाही.

धोंडीबाच्या खांद्यावर मी आठ वर्षं उन्हापावसात हिंडले. पाऊस आला की डोक्यावरून माझी खोळ व्हायची, दुपारी सावलीला बसला की बैठक व्हायची. पण मानाचं काम वेगळंच होतं. चालत्या कळपात एखादी मेंढी व्याली की कोकराच्या पायात बळ नसतं, आणि कळप तर थांबत नाही. मग धोंडीबा माझी झोळी करी आणि त्या ओल्या कोकराला आत घालून चालू लागे. त्यासाठी तो नेहमी कळपाच्या मागून चालायचा. "मागं राह्यलेलं मागून चालणाऱ्यालाच दिसतंय," असं तो म्हणे. अशी किती कोकरं मी पोटाशी धरली, त्याचा हिशेब नाही. प्रत्येकाची ऊब वेगळी असते, एवढं मात्र सांगते.

धोंडीबाला एकच मुलगा होता, दत्तराव. तो सेलूला शिकला आणि पूर्णेला रेल्वेच्या इंजिनांवर कामाला लागला. मेंढरांमागे चालायला तो नाही म्हणाला, तेव्हा धोंडीबानं मान हलवली आणि कळप घेऊन निघाला. पुढे आफ्रिकेत, टांगानिका मुलखात, रेल्वेला माणसं पाहिजेत असं कळलं, आणि दत्तराव चार वर्षांच्या करारावर बोटीनं निघून गेला.

चौथ्या वर्षी त्याचं पत्र आलं. गावच्या शाळेचे मास्तर व्यंकटराव यांनी ते वाचून दाखवलं. "आबा, तिकीट पाठवतो, एकदा येऊन बघा. इकडं सरकारनं एक रान जनावरांसाठी राखलंय. हत्ती, आपल्या गव्यासारखे रानरेडे, जिराफ सगळं मोकळं हिंडतं, आणि ते पायी फिरून बघायचं असतं. मोटार नाही, घोडा नाही. तुमच्याइतकं चालणारा माणूस मला इथं भेटला नाही."

धोंडीबा खूश झाला. बानूबाईनं मात्र वेगळंच मनात धरलं होतं. निघताना तिनं माझी घडी त्याच्या खांद्यावर टाकली आणि म्हणाली, "आवं, रान बगायला जाऊ नका. त्याचा करार संपायलाय. लेकराला घिऊन या. तेवढंच काम हाय तुमचं."

"आणतो की," धोंडीबा म्हणाला.

मित्रांनो, बोटीचं काय सांगू! खारं वारं माझ्या धाग्याधाग्यात शिरलं. धोंडीबा तीन दिवस पडूनच होता आणि मी त्याच्यावर. मग एकदाचा किनारा आला, दत्तराव आला, आगगाडी झाली, ट्रक झाला आणि शेवटी ते रान आलं. कंबरेएवढं वाळलेलं गवत, मध्ये बाभळीसारखीच पण सपाट माथ्याची झाडं, आणि माणसाचा मागमूस नाही. नदीकाठी तंबू ठोकलेले. तिथून रोज सकाळी निघायचं आणि दिवसभर चालायचं. सैदी नावाचा तिथला वाटाड्या बंदूक घेऊन पुढे, बाकीच्यांनी एकामागे एक, आणि तोंडातून शब्द काढायचा नाही.

पहिल्याच दिवशी धोंडीबानं आपली जागा सोडली आणि रांगेच्या शेवटाला जाऊन उभा राहिला. सैदी नको म्हणाला. पुढे जायला धोंडीबाही नको म्हणाला. दत्तराव दोघांच्या मध्ये दुभाषी. अखेर सैदी हसला आणि त्यानं हात जोडले. दुपारपर्यंत तर त्या दोघांचं असं जमलं की दत्तरावाची गरज उरली नाही. धोंडीबा मातीतला माग बोटानं दाखवी आणि स्वतः लंगडून चालून सांगे की हा रानरेडा मागच्या उजव्या पायानं अधू आहे. पुढे ओढ्याच्या वळणावर रानरेडा दिसला. खरोखरच उजव्या पायानं लंगडत होता! सैदीनं धोंडीबाची पाठ थोपटली. थाप माझ्यावरच पडली, म्हणजे कौतुकात माझाही वाटा होताच. त्या दिवशी धोंडीबा किती सुखात होता! असा तो मी आधी पाहिला नव्हता आणि नंतरही नाही.

दुसऱ्या दिवशी मात्र त्याच्या हातून चूक झाली.

रांग पुढे गेली होती. धोंडीबाला गवतात काहीतरी तांबूस दिसलं. वाकून बघतो तर हरणाचं पाडस. अंगावर पांढरे ठिपके, कान मागे पाडलेले, एकटंच. जवळपास आई नाही, कळप नाही. धनगराच्या डोळ्याला याचा एकच अर्थ कळतो. त्यानं क्षणाचाही विचार न करता माझी झोळी केली आणि पाडस आत घातलं. ते ओरडलं नाही की हललं नाही. त्याचं काळीज मात्र माझ्या अंगाशी धडधडत होतं.

"दत्ता, आरं ह्ये मागं राह्यलंय बघ," धोंडीबानं हाक दिली.

सैदी वळला आणि त्याचा चेहराच उतरला. तो भराभर काहीतरी बोलला.

"आबा, खाली ठिवा," दत्तराव म्हणाला. "त्ये चुकलेलं न्हाई. त्याच्या आईनंच लपवून ठिवलंय. ती चरून आली की त्याला हाक मारती, तवर त्ये हालत न्हाई. आता त्याला दुसरा वास लागला. ती घेती का न्हाई, काय सांगावं."

दुसरा वास म्हणजे माझा, मित्रांनो. उभ्या कळपाचा, धुराचा, घामाचा वास. आयुष्यात पहिल्यांदाच मला माझ्या अंगाची लाज वाटली.

धोंडीबानं पाडस होतं तिथंच ठेवलं. मग सगळे दूर, वाऱ्याच्या खालच्या अंगाला एका वारुळाआड बसले. ऊन कलायला लागलं तरी धोंडीबानं पाण्याला तोंड लावलं नाही. अखेर हरिणी आली. पाडसाला हुंगलं आणि एकदम मागे सरली. पुन्हा आली, पुन्हा सरली. धोंडीबाची नखं माझ्या काठात रुतली होती. तिसऱ्यांदा मात्र ती मागे हटली नाही. तिनं मान खाली घालून हलकेच हाक मारली, आणि पाडस उठून तिच्या मागून गवतात दिसेनासं झालं.

धोंडीबानं माझ्या पदरानं डोळे पुसले.

संध्याकाळी तंबूपुढे बापलेक मलाच अंथरून बसले होते. दत्तराव माझ्या काठाची दशी बोटाला गुंडाळत होता, सोडत होता. मग म्हणाला, "आबा, माझा करार संपलाय. पाच वर्षांचा नवीन कागद आलाय. अजून सही केली न्हाई. तुमी काय म्हणता?"

याच एका प्रश्नासाठी धोंडीबा समुद्र ओलांडून आला होता. मला वाटलं, आता म्हणेल, चल बाबा घरी. पण तो दुपारच्या त्या पाडसातच अडकला होता. आपण चुकलेलं समजून उचलतो आणि त्याचं नुकसान करतो, हे त्याच्या मनानं घेतलं होतं. तो म्हणाला, "तुला कळतंय तसं कर, बाबा."

दत्तरावानं दशी बोटावरून सोडली. मग "बरं" म्हणाला आणि उठून गेला. खरं सांगते, तेव्हा मला धोंडीबाचा अभिमान वाटला होता.

सेलूच्या स्टेशनावर बानूबाई गाडी जुंपून आली होती. धोंडीबा एकटाच उतरला. घरी येऊन तिनं त्याला भाकरी वाढली. मग धोंडीबानं तिला सगळं सांगितलं. रान, लंगडा रानरेडा, पाडस, हरिणी, आणि दत्तरावाला आपण का अडवलं नाही तेही. जगातलं मोठं शहाणपण घेऊन आल्यासारखा तो सांगत होता.

बानूबाईनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग विचारलं, "त्ये पाडस आपलं आपण उठलं का?"

"न्हाई. आईनं हाक मारली, मंग उठलं."

"मंग तुमी का न्हाई मारली?"



दुसऱ्याच दिवशी बानूबाई व्यंकटराव मास्तरांकडे गेली आणि तिनं एका ओळीचं पत्र लिहवून घेतलं. "तुझी माय बोलवायलीय, ये." उत्तर यायला अडीच महिने लागले.  दत्तरावानं लिहिलं होतं, "माय, आबा एवढ्या लांब आले, पण चल म्हणाले नाहीत. मला वाटलं, मी नसलो तरी घरी चालतंय. मी सही केली. आता पाच वर्षं सुटका नाही."

त्याला तीन वर्षं झाली. मी आता खुंटीवर असते. कसरीनं मला दोन ठिकाणी खाल्लं आहे, खळ केव्हाच निघून गेली आहे, आणि धोंडीबानं नवी घोंगडी केली आहे. मला राग नाही. फक्त त्या गवताची, त्या उन्हाची फार आठवण येते. धोंडीबालाही येत असावी, कारण कधीकधी तो मला उगाच खाली काढतो आणि नाकाशी धरून बसतो.

मित्रांनो, आम्हा घोंगड्यांना वर्षातून एकदा ऊन दाखवा, कडुलिंबाचा पाला घालून ठेवा, एवढं तर मी मागणारच. पण माझं खरं मागणं दुसरंच आहे. रानातलं पिल्लू एकटं दिसलं तर उचलू नका, त्याची आई येणार असते. आणि आपल्या माणसाला ये म्हणायचं असेल तर ते तोंडानं म्हणा. त्याला कळेल, असं समजून गप्प राहू नका. त्या संध्याकाळी दत्तराव काही लांब नव्हता. माझ्यावरच बसला होता, बापाच्या गुडघ्याला गुडघा लावून, आणि वाट बघत होता.